दोन झटक्यांच्या मधला माणूस



व्याख्यानमालेच्या मंडळींचा फोन आला. म्हणाले, "सर, यंदा विज्ञानाच्या इतिहासावर बोला." मी म्हटलं, अहो, मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि गणितात मॅट्रिकला काठावर पास झालो. ते म्हणाले, "चालेल सर, ऐकणारेही बहुतेक तसेच असतात." (हशा) मग मी विषय सांगितला. अपस्मार, म्हणजे आपल्या नागपुरात ज्याला मिरगी म्हणतात, फेफरं म्हणतात, आकडी म्हणतात किंवा नुसतं 'फीट येते' म्हणतात, तो आजार; आणि त्याच्या उपचारात गणित कसं शिरलं, त्याची हकिगत. हा विषय का निवडला ते आधी सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

१९८३ सालची गोष्ट. बी.ए. द्वितीय वर्षाचा वर्ग. मी सांख्यांचा सत्कार्यवाद शिकवत होतो, म्हणजे कार्य हे कारणात आधीच अव्यक्त रूपात असतं, तेल तिळात आधीच असतं, वगैरे. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी एकदम ताठ झाली, खाली पडली आणि तिचे हातपाय झटके देऊ लागले. वर्गात गोंधळ. कुणी चप्पल काढून नाकाशी धरली, कुणी कांदा आणायला पळालं. आणि मी, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, मी काय केलं? दातखीळ बसू नये म्हणून स्टाफरूममधला चमचा मागवला आणि तिच्या दातांत घालायचा प्रयत्न केला. तिचा एक दात तुटला. दोन-तीन मिनिटांत झटका आपोआप थांबला. माझ्या चमच्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

तिला शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. पुढच्या आठवड्यात ईईजी झाला, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात तो. आठ दिवसांनी तिचे वडील कॉलेजात आले, हातात कागद. कागदावर लिहिलं होतं की ईईजी नॉर्मल आहे. वडिलांचा चेहरा फुललेला. "सर, काही नाही निघालं. रिपोर्ट नॉर्मल आहे." मीही म्हटलं, वा, छान झालं. गोळ्या दिल्या होत्या त्या त्यांनी महिनाभरात बंद केल्या. नॉर्मल माणसाला गोळ्या कशाला? नंतर पुन्हा झटके आले, तेव्हा घरातल्याच कुणीतरी म्हटलं, रिपोर्ट तर नॉर्मल होता, मग पोरगी नाटक करते. तिचं कॉलेज सुटलं.

तो कागद खोटा नव्हता, हे लक्षात घ्या. ज्या वीस-पंचवीस मिनिटांत तारा लावल्या होत्या, त्या मिनिटांत आलेखात खरोखरच काही दिसलं नसेल. अपस्मार असलेल्या माणसांचा पहिला साधा ईईजी काढला तर साधारण निम्म्या जणांत त्यात स्पष्ट खूण सापडत नाही. कारण ती माणसं त्या वेळी दोन झटक्यांच्या मधे असतात. माझा आजचा सगळा विषय या 'मधे'चा आहे. झटका नसतो तेव्हा हा आजार कुठे असतो?

हा प्रश्न माझा नाही, फार जुना आहे. चरकसंहितेत निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. अपस्मार म्हणजे स्मृतीचा अपगम, स्मृती निघून जाणं. चार प्रकार सांगितलेत : वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक. चरक असंही नोंदवतात की कुपित दोष पंधरा दिवसांनी, बारा दिवसांनी किंवा महिन्याने वेग आणतात. वेग म्हणजे झटका. आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तर एक सरळ आक्षेप मांडलाय. आक्षेप असा : हा आजार काही निमित्त नसताना येतो, उपचार न करता जातो आणि पुन्हा येतो, मग दोषांमुळे होतो असं म्हणता येईल का? दोष जर शरीरात सतत आहेत तर झटका सतत का नाही? उत्तरादाखल तिथे बीजाचा दृष्टान्त दिलाय. पाऊस पडला तरी काही बीजं जमिनीत तशीच राहतात आणि शरदात उगवतात, तसं व्याधीचं उगवणं असतं.

आता एक सावधगिरी. सगळं आमच्या ग्रंथांत होतंच, हे सांगायला मी इथे उभा नाही. सुश्रुतांना मेंदूतली वीज माहीत नव्हती, जाळी माहीत नव्हती. त्यांच्याकडे जो होता तो उत्तम प्रश्न होता. प्रश्न चांगला असला तर तो दोन हजार वर्षं टिकतो, उत्तरं बदलत राहतात.

ग्रीसमध्येही असंच झालं. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतला 'पवित्र आजारा'वरचा एक ग्रंथ आहे, इसवीसनापूर्वी ४०० च्या आसपासचा. त्याचं म्हणणं, हा आजार इतर आजारांपेक्षा जास्त दैवी वगैरे काही नाही. लोकांना कारण कळत नाही म्हणून ते देवाचं नाव घेतात. याचं मूळ मेंदूत आहे. केवढी मोठी उडी! पण मेंदूत म्हणजे कुठे? आणि सतत का नाही? ते कुणाला सांगता येईना.

एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचा डॉक्टर होता. त्याच्याकडे यंत्र नव्हतं, पण नजर होती. काही रुग्णांत झटका अंगठ्यापासून सुरू होतो, मग मनगट, मग दंड, मग चेहरा, असा चालत जातो, हे तो बारकाईने पाहत होता. १८७० च्या दशकात त्याने मांडलं की झटका म्हणजे मेंदूच्या करड्या भागातल्या एखाद्या ठिकाणाहून अचानक, प्रमाणाबाहेर होणारा शक्तीचा निचरा आहे. म्हणजे झटक्याला आता 'जागा' मिळाली. १८८६ मध्ये व्हिक्टर हॉर्सली या शल्यविशारदाने लंडनमध्येच अशी जागा शोधून मेंदूवर शस्त्रक्रिया केली. पुढे कॅनडात माँट्रियल इथे वाइल्डर पेनफिल्डने हे शास्त्र वाढवलं. त्याच्या हाताखाली शिकलेले डॉ. जेकब चंडी भारतात परतले. त्यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला, आणि १९५२ मध्ये तिथे अपस्मारावरची शस्त्रक्रिया झाली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं.

औषधांची रांग वेगळी चालली होती. १८५७ मध्ये ब्रोमाइड, १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन, १९३८ मध्ये फेनिटॉइन. तुमच्यापैकी काहींच्या घरात शेवटच्या दोन गोळ्यांची नावं नक्की माहीत असतील. आणि जर्मनीत येना इथे हॅन्स बर्गर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसायला त्याला पाच वर्षं लागली. १९२९ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. हाच तो ईईजी. १९३५ मध्ये अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवलं की ज्या मुलांना क्षणभर भान हरपण्याचे झटके येतात, त्यांच्या आलेखात त्या क्षणी सेकंदाला तीन अशा लाटा उसळतात. झटक्याचा जणू फोटोच मिळाला.

इथपर्यंतच्या इतिहासात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? सगळे झटक्याकडे पाहतायत. वैद्य, डॉक्टर, शेजारी, सगळेच. झटका संपला की रुग्ण दिसेनासा होतो. आणि खरं पाहता या माणसाचं ९९ टक्क्यांहून जास्त आयुष्य झटक्यांच्या बाहेर जातं. तो शाळेत जातो, स्वयंपाक करतो, नोकरी करतो. त्या काळात त्याच्या मेंदूत काय चाललंय, हे विचारायला वेगळी भाषा लागणार होती. ती गणिताने दिली.

इथे मला माझ्या धंद्यातल्या एका माणसाची आठवण काढली पाहिजे. इमॅन्युएल कांट. १७८६ च्या एका ग्रंथात कांट म्हणतो की निसर्गाच्या कोणत्याही शास्त्रात जेवढं गणित, तेवढंच खरं विज्ञान. आणि मनाच्या अभ्यासाला गणित लावता येत नाही, म्हणून मानसशास्त्र खऱ्या अर्थाने विज्ञान होणार नाही. आता गंमत पाहा. कांट जन्मभर ज्या गावात राहिला ते क्योनिग्सबर्ग. त्या गावात नदीवर सात पूल होते, आणि लोकांना कोडं पडलं होतं : प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं गाव फिरता येईल का? कांट शाळकरी पोर असताना, १७३० च्या दशकात, ऑयलर या गणितज्ञाने उत्तर दिलं की नाही येणार. उत्तरापेक्षा रीत महत्त्वाची. त्याने रस्त्यांची लांबी, घरं, दिशा सगळं पुसून टाकलं. उरले फक्त ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. कोण कुणाला जोडलेलं आहे, एवढंच. आज मेंदूच्या जाळ्याचा अभ्यास ज्या गणिताने होतो, त्याची सुरुवात या पुलांपाशी सांगतात. म्हणजे मनाला गणित लागत नाही म्हणणाऱ्या कांटच्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवरच ते पडलेलं होतं! (हशा)

जाळं म्हणजे काय, हे नागपूरकरांना समजावायला नको. आपल्या गावात दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही लोहमार्ग एकमेकांना छेदतात. जून २०१५ आठवा. इटारसीला सिग्नलच्या केबिनला आग लागली. एक केबिन. पण गाड्या आपल्या स्टेशनावर रद्द झाल्या, मुंबईत झाल्या, दिल्लीत झाल्या, आणि महिनाभर घोळ चालला. आता कुणी विचारलं, बिघाड कुठे होता? आगीची जागा इटारसी. पण गोंधळाची जागा? ती कोणत्याच एका स्टेशनात नव्हती, जोडण्यांमध्ये होती. आपल्या वैशेषिकांनी संबंधालाही पदार्थाचा दर्जा दिला होता, समवाय हा त्यांचा स्वतंत्र पदार्थ. वस्तूइतकाच संबंधही खरा, हे आपल्याला परकं नाही.

मेंदूत अंदाजे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांचं गणित करायचं कसं? सुरुवात एका पेशीपासून झाली. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या स्क्विड या प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून, त्यातून वीज कशी धावते याची समीकरणं लिहिली. हक्सलीने ती हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर सोडवली. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मग १९७२ मध्ये विल्सन आणि कोवान यांनी म्हटलं, एकेक पेशी मोजत बसण्यापेक्षा पेशींच्या समूहाचं गणित करू. चेतवणाऱ्या पेशींचा एक गट, आवरणाऱ्या पेशींचा दुसरा गट, आणि दोघांची ओढाताण. या सभागृहात कोण काय विचार करतंय ते मला कळत नाही, पण एकूण सभा कंटाळली की नाही ते कळतं, तसंच. (हशा)

या समूहांच्या गणितातून एक विलक्षण गोष्ट निघाली. घरातलं आप्पेपात्र डोळ्यांसमोर आणा. त्याच्या एका खळग्यात एक गोटी ठेवलीय. पात्राला धक्का बसला की गोटी हलते, पण पुन्हा आपल्या खळग्यात येते. हा रोजचा मेंदू. शेजारचा खळगा म्हणजे झटका. मधे उंचवटा आहे. बहुतेकांच्या मेंदूत तो इतका उंच की रोजचे धक्के, जागरण, ताप, ताण, गोटीला पलीकडे नेऊ शकत नाहीत. अपस्मारात हा उंचवटा सखल असतो. एखादा किरकोळ धक्का पुरतो. नेदरलँड्समधले लोपेस दा सिल्वा आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये अपस्माराचं वर्णन याच अंगाने केलं.

आता सुश्रुतांच्या आक्षेपाकडे परत या. झटका सतत का नाही? कारण उंचवटा सखल असला तरी आहे. मग मधल्या काळात आजार कुठे असतो? त्या सखलपणात असतो. दोन पात्रं शेजारी ठेवली आणि दोन्हींत गोटी आपापल्या खळग्यात स्वस्थ बसलेली असली, तर नुसतं गोटीकडे पाहून फरक कळणार नाही. ईईजी नॉर्मल! फरक कळायला पात्र हलवून पाहावं लागतं.

आणि माणसाचा मेंदू असा हलवून पाहायचा नसतो. म्हणून आधी त्याची गणितातली प्रतिकृती करायची, आणि ती हलवायची. हेच ते मॉडेल.

एक प्रयोग करू. सगळे टाळ्या वाजवा. वाजवत राहा. (टाळ्या) ऐका... पाहा, आधी विस्कळित होत्या, आता एका ठेक्यात आल्या. मी ठेका दिला नाही, तुम्ही एकमेकांना ऐकत होतात. थांबा आता. जपानचे योशिकी कुरामोतो यांनी १९७५ मध्ये याचं गणित मांडलं : प्रत्येकाचा स्वतःचा ठेका असतो, आणि आपसातली ओढ एका मर्यादेपलीकडे गेली की सगळे एका सुरात येतात. सभेत हे छान वाटतं. मेंदूत मोठ्या भागातल्या पेशी अशा एका ठेक्यात अडकल्या की त्याला आपण झटका म्हणतो.

ब्रिटनमध्ये जॉन टेरी, मार्क रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये काय केलं पाहा. अपस्माराच्या एका प्रकारचे ३० रुग्ण आणि ३८ निरोगी माणसं घेतली. प्रत्येकाचा, स्वस्थ बसलेला असतानाचा, फक्त २० सेकंदांचा ईईजी. झटका नाही, झटक्याची खूण नाही. त्यातून कोणती तार कोणत्या तारेशी किती जुळून चालते हे काढून प्रत्येकाचं जाळं बांधलं. त्या जाळ्यावर कुरामोतोची समीकरणं बसवली आणि संगणकात ओढ हळूहळू वाढवत नेली. कुणाचं जाळं किती लवकर एका ठेक्यात येतं? अपस्माराच्या रुग्णांची जाळी सरासरीने लवकर आली. म्हणजे शांत बसलेल्या मेंदूतून, दोन झटक्यांच्या मधून, काहीतरी वाचता आलं.

किती वाचता आलं, ते मात्र नीट सांगतो, कारण खरा विषय आता सुरू होतो. रेघ कुठेतरी मारावी लागते : या आकड्याच्या अलीकडे निरोगी, पलीकडे आजारी. रेघ अशी मारली की एकाही निरोगी माणसावर शिक्का बसणार नाही, तर ३० पैकी १७ रुग्ण सापडतात, १३ सुटतात. रेघ सरकवून सगळेच्या सगळे ३० रुग्ण पकडले, तर ३८ निरोगी माणसांपैकी १३ त्यात ओढली जातात. समीकरण तेच, आलेख तेच. रेघ कुठे मारायची हे गणित सांगत नाही.

मग कोण सांगतं? इथे तुम्हाला आमच्या विषयाची गरज लागते. कोणती चूक जास्त महाग, हा प्रश्न गणिताचा नाही, समाजाचा आहे. सुटलेला रुग्ण म्हणजे माझी ती विद्यार्थिनी. तिला गोळी मिळत नाही. विहिरीवर, चुलीपाशी, रस्त्यावर झटका आला तर जीव जातो. उलट, चुकून शिक्का बसलेला माणूस म्हणजे नोकरी गेली, मुलीचं लग्न मोडलं. आणि आपल्याकडे हा शिक्का केवढा जड होता? १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्माराचाही उल्लेख आला. असा आजार असलेल्या माणसाचं लग्न रद्द करून मागता येत असे. तो शब्द १९९९ मध्ये काढला गेला. माझ्या विद्यार्थिनीच्या लग्नाच्या वयात तो कायद्यात होता. म्हणून घरच्यांना 'नॉर्मल' हा शब्द इतका हवासा वाटला. ते अडाणी नव्हते, भ्यायले होते. ज्या समाजात शिक्का हलका, तिथे रेघ निर्धास्तपणे सरकवता येते आणि एकही रुग्ण सुटत नाही. ज्या समाजात शिक्का जड, तिथे उत्तम गणितसुद्धा माणसं लपवायला लावतं.

शस्त्रक्रियेकडेही थोडं वळू. दोन हजार साली क्वान आणि ब्रॉडी यांनी ५२५ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्यांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले, आणखी काहींचे दुसऱ्याने. पण एक तृतीयांशाहून जास्त जणांचे कोणत्याच औषधाने पुरते थांबले नाहीत. अशांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. २००१ मध्ये कॅनडात ८० रुग्णांची चाचणी झाली. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के लोक भान हरपणाऱ्या झटक्यांतून सुटले, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. फार मोठा फरक. पण ५८ म्हणजे १०० नव्हेत. मेंदूचा तुकडा काढूनही काहींचे झटके राहिले. जॅक्सनची 'जागा' सापडली होती, पण इटारसीसारखं, गोंधळ जोडण्यांमध्ये होता.

म्हणून फ्रान्समध्ये मार्सेय इथे व्हिक्टर यिर्सा यांच्या गटाने एकेका रुग्णाच्या एमआरआयवरून त्याच्या मेंदूचं गणिती जाळं बांधायला सुरुवात केली. झटका कुठून उठतो, कुठे पसरतो, अमुक भाग काढला तर काय होईल, हे आधी संगणकात पाहायचं. खऱ्या मेंदूला सुरी लागायच्या आधी प्रतिकृतीला लावायची. फ्रान्समधल्या १३ केंद्रांत २०१९ पासून याची चाचणी हाती घेतली गेली, ३५० हून जास्त रुग्णांची योजना होती. अशी चाचणी हवीच. मॉडेल सुंदर आहे म्हणून ते खरं होत नाही, हे आम्ही तत्त्वज्ञानात पहिल्या वर्षाला शिकवतो.

आणखी एक सांगतो. २०१८ मध्ये ३७ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या मेंदूत बसवलेलं यंत्र काहींच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत नोंद घेत होतं. झटक्यांच्या मधल्या काळातही मेंदूतल्या अपस्मारी हालचालीला भरती-ओहोटी असते, आणि बहुतेकदा ती वीस ते तीस दिवसांची, बायकांत आणि पुरुषांतही. झटके भरतीच्या सुमारास जास्त येतात. उंचवटा म्हणजे स्वतः चढतो-उतरतो. चरकांनी 'पंधरवड्याने, महिन्याने' असं लिहिलं, ते रुग्णाशेजारी दिवस मोजत बसलेल्या कुणीतरी लिहिलं असणार. त्या माणसाला मी नमस्कार करतो. सिद्धान्त चुकला तरी निरीक्षण वाया जात नाही.

आता आपल्या घरचं. भारतात संगणकावर ईईजी वाचण्याचं काम भरपूर होतं, आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही होतं. इंदूरच्या आयआयटीतून २०१२ मध्ये बजाज आणि पाचोरी यांचं काम आलं, ते बरंच गाजलं. पुण्याच्या आयसरमध्ये चेतापेशींच्या जाळ्यांची गणिती मॉडेल्स करतात. हुशारी आपल्याकडे आहे. पण अशा पुष्कळ कामांचा कच्चा माल कोणता? जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाने २००१ च्या सुमारास सगळ्यांसाठी खुला केलेला ईईजीचा संच. त्यात रुग्ण पाच. पाच जर्मन माणसं, शस्त्रक्रियेआधी तपासलेली. त्यांचे उपकारच आहेत. पण आपल्याकडे अपस्माराचं एक मोठं कारण मेंदूत शिरणाऱ्या पट्टकृमीच्या अळ्या हे आहे. जन्माच्या वेळी गुदमरलेली बाळं आहेत, अपघातात डोक्याला मार लागलेले आहेत. त्यांची जाळी वेगळी असू शकतात. गडचिरोलीच्या, मेळघाटाच्या माणसाचा आलेख ज्या मॉडेलने कधी पाहिला नाही, ते मॉडेल त्याच्याबद्दल किती बोलू शकेल?

याच्या उलट बाजूला आशा आहे. जगात अपस्माराचे अंदाजे ५ कोटी लोक आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, आणि गरीब देशांत तीन चतुर्थांश लोकांना ते मिळतच नाहीत. न्यूरॉलॉजिस्ट शहरात बसतो, रुग्ण खेड्यात. अशा वेळी साध्या ईईजीच्या २० सेकंदांतून थोडी जास्त माहिती निघणं ही आपल्यासाठी चैन नाही. एमआरआय तालुक्याला पोचायच्या आधी ईईजी पोचू शकतो. फक्त आपल्या माणसांचे आलेख गोळा झाले पाहिजेत, त्यांच्या संमतीने, त्यांची नावं झाकून. आणि लोक तपासायला तेव्हाच येतील, जेव्हा शिक्क्याची भीती कमी होईल. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी २००४ मध्ये संवेदना फाउंडेशन सुरू केलं, अपस्मार असलेली माणसं आणि त्यांचे घरचे एकत्र बसतात, बोलतात. ते काम आणि मार्सेयचं काम, ही एकाच आजाराची दोन टोकं आहेत. पहिलं नसेल तर दुसऱ्यापर्यंत कुणी पोचतच नाही.

माझ्या विद्यार्थिनीचं राहिलं. २००९ मध्ये अमरावतीला एका लग्नात ती भेटली. मी ओळखलं नाही, तिनेच हाक मारली, "सर!" तिथे शिवणाचे वर्ग चालवते. एकतिसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी रात्रभर जागवून पुन्हा ईईजी काढला, तेव्हा त्यात खूण सापडली. गोळी सुरू झाली, हळूहळू झटके थांबले. सांगत होती, हसत होती. तो एक दात मात्र नाही. मी म्हटलं, तो माझ्यामुळे गेला. ती म्हणाली, "दाताचं काय सर, अकरा वर्षं गेली." तिने हे कुणावर रागावून म्हटलं नाही. पण मला तेव्हापासून 'नॉर्मल' हा शब्द वाचताना थांबावंसं वाटतं. त्या शब्दाचा अर्थ एवढाच होता की त्या वीस मिनिटांत गोटी खळग्यात होती. तो कागद तिच्या एका सकाळीबद्दल खरा होता. आम्ही सगळ्यांनी तो तिच्या आयुष्याबद्दल वाचला.

जाता जाता, चमच्याचं प्रायश्चित्त म्हणून. समोर कुणाला झटका आला तर तोंडात काहीही घालू नका. चप्पल नको, कांदा नको, पाणी नको. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, झटके ओसरले की कुशीवर वळवा, आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर गेला, किंवा लागोपाठ दुसरा आला, तर थेट दवाखाना. आणि झटका थांबला की तिथून निघून जाऊ नका. माणूस शुद्धीवर येताना त्याला आधी लोकांचे चेहरे दिसतात. ते घाबरलेले नसावेत, एवढं बघा.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. औषधांचे प्रश्न मात्र डॉक्टरांना विचारा, मला नको. एकदा चूक केलीय, पुरे. (हशा)